नेम

डायरीच्या शेवटच्या पानावर मी दर वर्षी तीन ओळी लिहितो. किल्ले १२, पक्षी १५०, डबे २५. बायकोने ते पान पाहिलं तेव्हा विचारलं, "पंचवीस डबे? फडताळात जागा आहे का?"

हे डबे स्वयंपाकघरातले नव्हेत. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे; भाच्याने अमेरिकेहून येताना चॉकलेटांबरोबर तोही आणला. कुणीतरी कुठेतरी एक डबा दडवतं, त्यात छोटी वही ठेवतं आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण फोन घेऊन जायचं, डबा हुडकायचा, वहीत नाव-तारीख टाकायची आणि डबा होता तिथे ठेवून यायचं. आतली एखादी वस्तू उचलली तर तितक्याच मोलाची आपली ठेवायची. याचा जन्मही मजेशीर आहे. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिकेचं सरकार सामान्य माणसासाठी मुद्दाम चूक मिसळायचं. ते बंद करण्याची घोषणा झाली १ मे २००० ला; इकडे आपली महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. शंभरेक मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली आणि ३ मेला ऑरेगनमधल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने जंगलात एक बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. बादलीत पुस्तकं होती, गलोल होती आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक सीलबंद डबाही होता. घेवडा का, हे त्यालाच ठाऊक.

आमच्याकडे असे डबे दुष्काळातल्या पिकासारखे. विरळ, आणि आहेत म्हणावं तर जागेवर नाहीत. शहराबाहेरच्या एका टेकडीवर मी पहिला शोधायला गेलो. फोनमधला बाण एका बोरीच्या झुडपाशी येऊन गरगर फिरायला लागला. मी वाकून दगड उलटेपालटे करतोय तोवर मागून आवाज आला.

"काय हुडकायलात सर?"

शेळ्या राखणारे एक काका. कमरेवर हात.

"डबा."

"कुणाचा?"

"ठाऊक नाही."

"त्यात हाय काय?"

"वही. सही करायची आणि परत ठेवायची."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाले, "सर, गुप्तधनाचं काही नाही ना?"

या खेळाचा एक शिष्टाचार असा की शोधताना कुणाच्या नजरेत यायचं नाही. हा शिष्टाचार घालणाऱ्याने मराठवाडा पाहिलेला नसावा. इथे माळावर चिटपाखरू दिसत नाही, पण तुम्ही खाली वाकलात की पाच मिनिटांत कुणीतरी हजर. मी काकांना सांगितलं की यात जमीन खणायची नसतेच, तसा नियम आहे. ते ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि तेही दगड उलटायला लागले. अर्धा तास दोघांनी शोधलं. शेळ्या पार पलीकडच्या तुरीत शिरल्या. डबा मिळाला नाही. अॅपमध्ये 'सापडला नाही' अशी नोंद करण्याची सोय असते. मी ती केली. निघताना काका म्हणाले, "पुढल्या खेपेला घरूनच डबा आणत जा. रिकाम्या हाती तरी जाणार न्हाईत."

त्या वर्षी २५ पैकी माझे डबे झाले दोन. तेही पुण्याला लग्नाला गेलो तेव्हा.

भाच्याशी बोललो तर तिकडचे नेम अजून कडक. डबा शोधायला किती अवघड, तिथवरची वाट किती अवघड, दोन्हींना एक ते पाच अंक, मध्ये अर्धेही. वाटेला एक म्हणजे चाकाची खुर्चीही जाईल अशी. या दोन्हींच्या जोड्या होतात ८१, आणि लोक त्या ८१ च्या ८१ घरं भरायला धडपडतात. कुणी वर्षाचे ३६५ दिवस रोज एक डबा शोधतं. मला आजी आठवली. चातुर्मासात ती लाख वाती करायला घ्यायची. दुपारी ओसरीवर मांडीला भस्म लावून वात वळायची, शंभर झाल्या की जुडी बांधायची आणि भिंतीवर कोळशाने रेघ मारायची. याला ती नेम म्हणायची. बंदूकवालाही नेमच धरतो, पण आजीच्या नेमाला समोर काही पाडायचं नसायचं. आणि पुरा झाला की उद्यापन व्हायचं, पुरणपोळी व्हायची, विषय संपायचा. माझ्या डायरीतल्या नेमाला उद्यापनच नाही. बारा किल्ले झाले की पुढल्या वर्षी पंधरा.

आकड्याला सरसकट नावं ठेवणार नाही मी. बारा भरायचे नसते तर सोयगाव तालुक्यातल्या सुतोंड्याला मी कशाला गेलो असतो? कातळ फोडून केलेला दरवाजा, वर पाण्याची टाकीच टाकी, आणि माणूस एकही नाही. अंतूरलाही आकड्यानेच नेलं. तिथे नागापूरच्या वाटेवर निजामशाहीतला एक चौकोनी दगडी खांब आहे; कुठली वाट कुठे जाते ते त्यावर फारसीत कोरलंय. त्याच्यापाशी उभं राहून मी फोन बघत होतो, कारण रेंज नव्हती.

पक्ष्यांनी मात्र माझी लाज काढली. डिसेंबरात पहाटे नाथसागराच्या काठावर होतो, पैठणच्या बाजूला. धुकं उठलं तसे समोर उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले, दीड-दोनशे तरी असतील. माना खाली, चोची उलट्या पाण्यात, आणि पाय चिखलात तालात हलवत ढवळण चाललेलं. सूर्य वर आला तशी पंखांची गुलाबी कड पेटत गेली. आणि मी? मी दुर्बीण वळवली. रोहितावर नोव्हेंबरातच खूण झाली होती. मला पट्टकदंब हवा होता, १३७ वा. तो मिळालाही. शेजारी एक कॉलेजातला मुलगा गुडघे मिठीत घेऊन तासभर रोहितच बघत बसला होता. त्याच्याकडे वही नव्हती.

तारीखही मी चुकीचीच धरत होतो. १ जानेवारीला नेम केला की दोन महिन्यांत ऊन तापतं, होळीनंतर मृगापर्यंत माळावर पाऊल टाकवत नाही, आणि मग पावसात चिखल. पाडव्याला धरला तर सुरुवातच वैशाखाच्या तोंडावर. आमच्या हवेला शोभतो तो दसरा. डोंगर अजून हिरवे असतात, ओढ्यांना पाणी असतं, आणि सीमा ओलांडायचा तो दिवसच असतो. यंदा सोनं वाटून झाल्यावर डायरी उघडली. किल्ल्यांपुढे लिहिलं ४, चारही आधी पाहिलेले. पक्ष्यांपुढे काहीच लिहिलं नाही. डब्यांपुढे १.

कार्तिकात त्या टेकडीवर पुन्हा गेलो. काका होतेच. पिशवीतून डबा काढला तसे हसले, बोरीच्या सावलीत घोंगडी अंथरली. ज्वारीच्या भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. कांदा त्यांनी दगडावर फोडला. खाता खाता मी सवयीने फोन काढला, तर बाण गरगर फिरतच होता.

"सापडला का?" रात्री बायकोने धुवायला डबा घेताना विचारलं. मी डायरीत खूण करत होतो.