तुम्ही विचारलंत म्हणून: दोघांचा ब्लड ग्रुप सेम आहे, लग्न करावं का?

बायोलॉजी शिकवते म्हटल्यावर लग्नसराईत हा प्रश्न हमखास येतो. पत्रिका जुळली, पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत, हॉलची चौकशीपण सुरू, आणि मग कुठलीतरी आत्या म्हणते अगं पण दोघं बी पॉझिटिव्ह आहेत ना, मग मुलं धड होतील का?

होतील हो. आपल्याकडे ढोबळमानाने तीनातल्या एकाचा ग्रुप बी निघतो, म्हणजे बी-बी जोडपी गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची पोरं मजेत शाळेत जातायत. ए, बी, ओ ग्रुप म्हणजे लाल पेशीच्या वर साखरेच्या कुठल्या रेणूचं टोक लागलंय एवढंच, हे ग्रुप 1901 मध्ये कार्ल लँडस्टायनरने शोधले आणि त्यांचा खरा उपयोग रक्त चढवताना. नवरा-बायकोचं रक्त एकमेकांत मिसळतच नाही, मग ग्रुप सेम असला काय नि वेगळा असला काय.

एक भानगड खरी आहे, पण ती उलट, ग्रुप *वेगळा* असल्याची. बायको निगेटिव्ह (म्हणजे लाल पेशीवर आरएच-डी नावाचं प्रथिन नाही), नवरा पॉझिटिव्ह (म्हणजे ते आहे), बाळ बापावर जाऊन पॉझिटिव्ह. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईत जातं, आईचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवून ठेवतं, पहिलं बाळ बहुतेक सुखरूप असतं पण पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला त्या अँटीबॉडी त्रास देतात. त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे, साधारण 28व्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर 72 तासांच्या आत परत. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना याबद्दल विचारायचं, हे मात्र बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही. बास, लग्न मोडण्यासारखं यात काहीही नाही.

आणि हो, बी-बीच्या घरात ओ मूल झालं म्हणून सुनेकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्यांनो, जरा थांबा. बीच्या मागे लपलेला ओ आईकडेपण असू शकतो आणि बापाकडेपण, दोघांनी तोच दिला की मूल ओ, दोघं असे लपलेले ओवाले असतील तर दर खेपेला चारात एक चान्स. शिवाय तपासणीत ओ दिसणारा माणूस खरंच ओ असेलच असंही नाही. आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये असा ग्रुप दाखवून दिला, म्हणून त्याचं नाव बॉम्बे ब्लड ग्रुप, त्या लोकांना साधं ओ रक्तसुद्धा चालत नाही.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ग्रुपवरून एवढा काथ्याकूट करणारी हीच मंडळी मामाच्या मुलीशी लग्न ठरलं की खूश, घरातलीच आहे म्हणून. अरे, आते-मामे भावंडांचे साधारण आठवा हिस्सा जीन्स सारखे असतात, एकच बिघडलेला जीन दोघांकडे असायची शक्यता तिथे वाढते. आणि नात्याबाहेर केलं तरी थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारांचं कोणी विचारत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल किती घरांत आहे हे तिकडच्या लोकांना सांगायला नको, सिंधी, लोहाणा लोकांत थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त, पण म्हणून बाकीचे सुटले असं अजिबात नाही. मायनर, म्हणजे बिघडलेला जीन एकाच बाजूने आलेल्या माणसाला स्वतःला बहुतेक वेळा काहीच होत नाही, फारतर हिमोग्लोबिन जरा कमी, आणि घरचे लोहाच्या गोळ्या देत राहतात.

तर ग्रुपचा कागद ठेवा बाजूला आणि लॅबमध्ये जाऊन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करायची आहे असं सांगा, साधी रक्ताची टेस्ट आहे. एकाचीच मायनर आली तर मुलाला मेजर, म्हणजे दोन्ही बाजूंनी बिघडलेला जीन येऊन खरा आजार, व्हायची भीती नाही. दोघांचीही आली तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका, पण तेव्हाही लग्न मोडायलाच पाहिजे असं नाही, गरोदरपणाच्या 10 ते 13व्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते, फक्त त्यासाठी दोघं मायनर आहेत हे आधी माहीत असायला हवं.