बेन्नूचे १२१.६ ग्रॅम

हल्ली अवकाशाच्या बातम्या एवढ्या येतात की कुठली वाचायची आणि कुठली सोडायची हाच प्रश्न पडतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीनं बिग बँगनंतर जेमतेम २८ कोटी वर्षांनी चमकणारी गॅलक्सी शोधली, चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं पहिल्या काही तासांच्या निरीक्षणातच २१०४ नवे लघुग्रह पकडले, दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडून आलेला ३आय/ॲटलास धूमकेतू आपल्या सूर्याला वळसा घालून गेला... सगळंच भारी आहे. पण गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात मोठं काम कुठलं असं मला कोणी विचारलं तर मी बेन्नूचं नाव घेईन. अर्धा किलोमीटर रुंदीचा काळाकुट्ट लघुग्रह, त्यावरून आणलेली १२१.६ ग्रॅम माती आणि खडे, बस. एवढ्याशा ऐवजातून जे निघतंय ते वाचून मी खरंच हरखून गेलोय.

आधी ती माती आली कशी ते बघा, कारण ती गोष्टच जबरदस्त आहे. नासाचं ओसायरिस-रेक्स हे यान २०१६च्या सप्टेंबरमध्ये निघालं, २०१८ला बेन्नूपाशी पोचलं, आणि जवळून बघतात तर काय, जिथं बारीक वाळूचं सपाट मैदान असेल असं वाटलं होतं तिथं सगळीकडे धोंडेच धोंडे. मग उतरायला बरी जागा शोधण्यातच बराच काळ गेला. २० ऑक्टोबर २०२०ला यानानं लांब हात पुढे करून जमिनीला टेकवला, नायट्रोजन वायूचा झोत सोडला, उडालेले खडे हाताच्या टोकाच्या डब्यात गेले आणि यान मागे फिरलं. ह्या सगळ्याला काही सेकंद. पण तेवढ्यात तो हात सुमारे अर्धा मीटर आत घुसला होता, कारण बेन्नूचा पृष्ठभाग घट्ट असा नाहीच, गुरुत्वाकर्षण इतकं कमी की खडे एकमेकांवर नुसते टेकून बसलेत. डब्यात एवढं भरलं की मोठे दगड झडपेत अडकून ती उघडीच राहिली आणि त्यातून माती बाहेर उडायला लागली. टीमनं मग किती भरलंय ते मोजायचा बेत सोडून दिला आणि डबा शक्य तितक्या लवकर कॅप्सूलमध्ये बंद करून टाकला. पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटरवर, सिग्नल जायलाच काही मिनिटं लागतात अशा जागी हे निर्णय घ्यायचे, मला तर विचार करूनच धडधडतं.

२४ सप्टेंबर २०२३ला कॅप्सूल पॅराशूटनं अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरली. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत नेल्यावर ३५पैकी दोन स्क्रू काही केल्या निघेनात! माती हवेपासून जपायला डबा नायट्रोजन भरलेल्या पेटीत ठेवला होता, तिथं बाकीची हत्यारं चालवायची परवानगी नाही, मग नवीन हत्यारं बनवली, त्यांची रंगीत तालीम केली आणि जानेवारी २०२४मध्ये डबा पूर्ण उघडला. निदान ६० ग्रॅम तरी आणायचे असं ठरलं होतं, आले दुप्पट.

आता लोक म्हणतील की उल्का तर फुकट पडतातच पृथ्वीवर, मग एवढा खटाटोप कशाला. तर त्याचं उत्तर बेन्नूनंच दिलंय. जानेवारी २०२५मध्ये जे संशोधनाचे पेपर आले त्यात त्या मातीत क्षार सापडल्याचं आहे, ट्रोना, हॅलाइट म्हणजे आपलं मीठच, असे एकूण अकरा प्रकार. खारं पाणी हळूहळू आटत जातं तेव्हा एकामागून एक जसे थर बसतात तसेच. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे त्याच्या पोटात साडेचार अब्ज वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्याची डबकी होती. ह्यातले काही क्षार उल्कांमध्ये कधी दिसलेच नव्हते, आणि कारण एकदम साधं आहे, असे क्षार आपल्या हवेतल्या ओलाव्यानंच खराब होतात. उल्का जमिनीवर पडली की पुरावा पुसला जायला सुरुवात! शंभर वर्षं आपण उल्का तपासत राहिलो असतो तरी हे कळलं नसतं, कोरड्या नायट्रोजनमध्ये जपून आणलेल्या मातीतच ते कळलं.

हवा लागली की काय होतं ह्याचं अजून एक उदाहरण र्‍यूगूचं. ह्या लघुग्रहावरून जपानच्या हायाबुसा-२ यानानं २०२० साली ५.४ ग्रॅम माती आणली. त्यातला एक कण ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी तपासताना त्यावर जिवाणूंसारखे धागे दिसले. हेडलाईनसाठी किती सोपं होतं, पण त्यांनी नीट बघितलं तर धाग्यांची संख्या दिवसागणिक बदलत होती, अगदी पृथ्वीवरच्या जिवाणूंची वाढते आणि घटते तशी. म्हणजे ते इथलेच, कण हवेत आल्यावर चढलेले. इतकी काळजी घेऊनही आपले जिवाणू इतक्या पटकन परक्या दगडावर घर करतात, मग शेतात पडलेल्या उल्केचं काय बोलायचं.

बरं, बेन्नूत नुसते क्षार नाहीत. आपली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यातली १४ तिथं मिळाली. डीएनए आणि आरएनएची अक्षरं बनवणारे पाचही रेणू मिळाले. अमोनिया भरपूर. आणि डिसेंबर २०२५मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या टीमनं सांगितलं की रायबोज आणि ग्लुकोज ह्या साखरासुद्धा आहेत, त्यातली रायबोज म्हणजे आरएनएच्या कण्यातली साखर. फॉस्फेट आधीच सापडलं होतं. म्हणजे आरएनए बनवायला जे जे लागतं ते सगळं एका दगडाच्या ढिगाऱ्यात हजर! जीव नाही सापडला, हे नीट लक्षात घ्या, काही लोक तसं पसरवतात आणि त्यानं ह्या कामाचं नुकसानच होतं. सामान सापडलंय. ते सामान एकत्र येऊन जीव कधी आणि कसा होतो हा प्रश्न जसाच्या तसा शिल्लक आहे.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र अमिनो आम्लांच्या डाव्या-उजव्याची आहे. हे रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात, सगळं तेच पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. पृथ्वीवरचे सगळे जीव प्रथिनांसाठी जवळपास फक्त डावे वापरतात, का ते कोणालाच पक्कं माहीत नाही. काही उल्कांमध्ये डाव्यांचं प्रमाण थोडं जास्त दिसलं होतं, म्हणून एक आवडता तर्क असा होता की हा डावेपणा अवकाशातूनच आला असेल. बेन्नूत बघितलं तर दोन्ही साधारण सारखे! इतक्या वर्षांचा तर्क डळमळीत झाला आणि त्यावर काम केलेल्या लोकांनीच ते पेपरात लिहून टाकलं. विज्ञानावर माझा जीव आहे तो ह्याच्यासाठी.

अजून एक. ह्या १२१.६ ग्रॅममधला निदान ७० टक्के भाग नासानं न वापरता ठेवून द्यायचं ठरवलंय, पुढच्या पिढीसाठी, आज जी यंत्रं अस्तित्वातच नाहीत त्यांच्यासाठी. ही सवय अपोलोच्या चंद्रमोहिमांची. त्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली होती आणि कितीतरी वर्षं चंद्र ठणठणीत कोरडा असं पुस्तकात छापलं जायचं, मग २००८ साली त्याच जुन्या नमुन्यातल्या ज्वालामुखीच्या काचेच्या मण्यांमध्ये पाण्याचा अंश सापडला. मणी तेच होते, यंत्र सुधारलं होतं. अपोलो १७ची एक सीलबंद नळी तर २०२२ साली उघडली, पन्नास वर्षांनी! रोव्हरवर काही किलोचं यंत्र नेता येतं, त्यानं एकदा मोजलं की झालं, पण दगड घरी असला की इमारतीएवढं यंत्र लावा, दहा देशांत पाठवा, एकाचं चुकलं तर दुसरा पकडेल.

चीननं हे बरोबर ओळखलंय. त्यांच्या चांग-ई ६ यानानं जून २०२४मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १९३५.३ ग्रॅम माती आणली, त्या बाजूची पहिलीच. त्यात २.८ अब्ज वर्षांपूर्वीचा लाव्हा निघाला, आणि तिकडचं आतलं खडक आपल्याला दिसणाऱ्या बाजूपेक्षा जास्त कोरडं असल्याची चिन्हं. त्यांचं तिआनवेन-२ यान मे २०२५मध्ये कामोओआलेवा ह्या छोट्या लघुग्रहाकडे निघालंय. आपल्या चांद्रयान-४लाही सरकारनं २०२४ साली मंजुरी दिली आणि तेही चंद्राची माती आणण्यासाठीच आहे, म्हणून चांद्रयान-३पेक्षाही मी ह्याची जास्त वाट बघतोय.

आणि मग मंगळ, इथं मात्र मला चीड येते. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरनं जुलै २०२४मध्ये नेरेत्वा व्हॅलिस ह्या जुन्या नदीच्या खोऱ्यात चेयावा फॉल्स नावाच्या दगडात भोक पाडून नमुना एका नळीत भरून घेतला. त्या दगडावर बिबट्यासारखे ठिपके आहेत, आणि त्यात व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही लोहाची खनिजं असावीत असं दिसतंय, जी पृथ्वीवर बऱ्याचदा जिवाणूंच्या उद्योगातून बनतात, जिवाणूंशिवायही बनू शकतात. सप्टेंबर २०२५मध्ये ह्यावर नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला, शक्य तितक्या सावध भाषेत. तिथल्या तिथं रोव्हरला ह्यापुढे काही सांगता येणार नाही, त्याच्या यंत्रांची मर्यादा तिथं संपली. प्रश्न सोडवायचा तर ती नळी इथं यायला हवी, आणि नेमकी तीच आणायची योजना खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाणार आणि नमुने २०४० उजाडल्याशिवाय येणार नाहीत असं कळल्यावर अडकून पडली. आणखी दहा नळ्या थ्री फोर्क्स नावाच्या जागी जमिनीवर ठेवलेल्या आहेतच. महाग आहे हे मान्य, पण नमुने भरून, सील करून, जागा नकाशावर टिपून झाल्यावर हात आखडता घ्यायचा हे मला पटत नाही. चीननं तिआनवेन-३ २०२८च्या आसपास मंगळाकडे पाठवून तिथली माती आणायचं जाहीर केलंय. कोणी का आणेना, माझं म्हणणं एवढंच आहे की आणा, आणि आणल्यावर बेन्नूसारखी जगभरच्या प्रयोगशाळांना वाटा.