ड्रोन बॅगेतच राहिला

कुडाळहून पहाटे निघालो, साडेआठला वास्कोत पोचलो आणि ड्रोनच्या बॅटऱ्या लावताना कळलं की उडवता येणार नाही. दाबोळी विमानतळ हाकेच्या अंतरावर, तोही नौदलाच्या तळावर. ड्रोनच्या नकाशात सगळं वास्को लाल, म्हणजे उड्डाणबंदी. परवानगी काम देणाऱ्यांनी काढली असेल असं मी धरून चाललो होतो, त्यांना वाटलं मी काढली असेल. माझीच चूक. निघण्याआधी फोन करून विचारायला हवं होतं.

पण मुरगाव बंदर आणि जुन्या रेल्वेचे वरून फोटो तर हवेच होते. मग कॅमेरा गळ्यात अडकवून हेडलँड सड्यावर गेलो. चिऱ्याचं ते पठार बंदराच्या अगदी डोक्यावर उभं आहे.

कडेशी एक म्हातारे उभे होते. मालगाडीचे निवृत्त गार्ड. मी खालच्या धक्क्यावर कॅमेरा रोखलेला बघून म्हणाले, "तसो न्हय, पुता. रुळ पळय."

रूळ बघितले, तेव्हा कुठे सगळं जुळलं. सडा आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत लाइन वास्कोकडून येते, धक्क्यांना समांतर जाते आणि संपते. खाली उभं राहिलं की वाटतं बंदर होतं म्हणून रेल्वे आली. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेळचं, एकाच कंपनीचं काम. 1878 च्या करारात गोव्याच्या मिठावरचा ताबा ब्रिटिशांकडे गेला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये ठरले आणि रेल्वेचीही बोलणी पक्की झाली. भांडवल लंडनचं, व्याजाची हमी पोर्तुगालची. 1888 पर्यंत मीटरगेज लाइन घाट चढून सीमेपलीकडच्या कॅसलरॉकला भिडली. मीठ देऊन रेल्वे! जागा मात्र अचूक हेरलेली: नैर्ऋत्येचा पावसाळी मारा सडा अंगावर घेतो. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात वाळूचा दांडा आडवा येतो, तसं इथे होत नाही.

गार्डकाकांना इतिहासात फारसा रस नव्हता. ते म्हणाले, गोव्याचं खनिज गाडीने कमी, बार्जींतून नदीनेच जास्त आलं. रेल्वेने यायचं ते कर्नाटकातल्या होस्पेटकडचं. आता उलट. कोळसा बोटीतून उतरतो आणि वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, बसून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. त्या धुळीवरून गावात भांडणं आहेत, हे सांगताना त्यांनी सहज कठडा पुसून बोट मला दाखवलं. काळं होतं.

तेवढ्यात खाली मालगाडीचा एक रेक हलला. मी फोटो काढत सुटलो. बाजूला काका पुटपुटत होते. आधी वाटलं जप चाललाय. वाघिणी मोजत होते. शेवटचा गार्डचा डबा, ब्रेकव्हॅन, वळणाआड जाईपर्यंत थांबले, "अठ्ठावन्न" म्हणाले आणि घराकडे वळले.