तुम्ही विचारलंत म्हणून: आधी टेप आणा, मग स्टँड

व्हिडिओ कॉल संपता संपता कुणीतरी मागे रेंगाळतं आणि विचारतं, "तुमचा लॅपटॉप एवढा उंच कशावर ठेवलाय हो? मी कुठला स्टँड घेऊ?" त्यातल्या निम्म्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आणि त्याने लॅपटॉप गारही राहतो ना?" दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटका करून घेते. आज नीट सांगते.

मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर तपासते. आठ-नऊ तास नजर ओळीवर आणि बोटं कळांवर. चार वर्षं हे काम टेबलावर सपाट ठेवलेल्या लॅपटॉपवर चाललं. पहिली तक्रार मानेने केलीच नाही. उजव्या खांद्याच्या पात्याने केली. पात्याच्या आतल्या कडेला सुपारीएवढं काहीतरी बसलंय असं वाटायचं. मग हळूहळू रस्ता ओलांडताना मान वळवायच्या ऐवजी अख्खी मीच वळायला लागले. हे माझ्या आधी घरच्यांच्या लक्षात आलं.

खोट लॅपटॉपच्या घडणीतच आहे. १९८२ साली बिल मॉग्रिज यांनी आखलेला ग्रिड कंपास हा लॅपटॉप बाजारात आला. झाकण उघडायचं, झाकणात स्क्रीन, खाली कळा, मध्ये बिजागरी. चाळीसहून जास्त वर्षं झाली, रचना तीच आहे. वाहून न्यायला ही रचना उत्तम, पण बसून काम करायला अडचणीची. कारण कळा कोपराच्या उंचीला हव्यात आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या उंचीला. बसलेल्या माणसाच्या कोपरापासून डोळ्यांपर्यंत मोजलं तर हातभर अंतर भरतं. लॅपटॉपच्या कळांपासून स्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत मात्र जेमतेम वीतभर. उरलेली वीत मान वाकून भरून काढते.

आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. केनेथ हंसराज या मणक्याच्या शल्यचिकित्सकांनी २०१४ मध्ये एक हिशेब मांडला होता: मान १५ अंश झुकली तर मानेच्या मणक्यावरचा भार सुमारे १२ किलो होतो, ६० अंशांवर २७ किलो. हा हिशेब संगणकावरच्या प्रतिकृतीचा होता, जिवंत माणसांवर मोजलेला नव्हता, तेव्हा आकड्याला फार घाबरू नका. पण पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरली की हलकी लागते आणि हात लांब करून धरली की जड, हे कुणाला शिकवावं लागत नाही. डोक्याचंही तसंच आहे.

तर स्टँड घेतला. आणि इथेच मी फसले, म्हणून हा भाग जरा रेंगाळून सांगते. स्टँडने स्क्रीन वर गेली, पण तिच्याबरोबर कळाही वर गेल्या! हार्मोनियम कपाटाच्या फळीवर ठेवून वाजवावी तशी मी टाइप करत होते. कोपरं हवेत, मनगटं मागे मोडलेली. आठ दिवसांत मानेचं दुखणं थोडं कमी झालं आणि मनगटात उतरलं. स्टँड घेतला की वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच लागतो. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी कीबोर्ड घ्या. उंची द्यायला घरात काहीही सापडतं, दुसऱ्या कळा सापडत नाहीत.

आता टेप. खुर्चीत नेहमीसारखं, पण पाठ टेकवून बसा. डोळे मिटा, मान सैल सोडा, मग डोळे उघडा. नजर समोर जिथे पडते ती तुमची उंची. टेबलापासून तिथपर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा. स्वतः मोजायला गेलात तर मान वाकते आणि माप चुकतं, मी दोनदा चुकवलंय. माझं माप आलं ४४ सेंटिमीटर. माझ्या १४ इंची लॅपटॉपची उघडलेली स्क्रीन टेबलापासून २१ सेंटिमीटरवर संपते. फरक २३ चा. पण तेवढं सगळं उचलायचं नाही, कारण वाचताना डोळे स्वभावतः थोडे खाली झुकतात. वरची कड डोळ्यांच्या चार-पाच सेंटिमीटर खाली राहिली तरी बरंच. म्हणजे मला हवे होते १८-१९. पहिल्या स्टँडची उंची होती १२. खोक्यावरचं चित्र बघून घेतला होता, दुसरं काय!

स्टँडच्या वर्णनात जी उंची लिहिलेली असते ती कुठली हेही विचारा. बहुतेक स्टँड मागे उंच, पुढे उतरते असतात. आपल्याला मागची, बिजागरीकडची उंची लागते, कारण स्क्रीन तिथून सुरू होते. उतार फार असला तर आणखी एक गंमत होते. लॅपटॉप पुढे कलतो, झाकण जितकं मागे जायला हवं तितकं जात नाही, आणि स्क्रीन तुमच्याकडे न बघता तुमच्या मांडीकडे बघत राहते.

चष्म्याचं एक सांगायलाच हवं. माझ्या एका सहकाऱ्यांनी माझं ऐकून स्टँड घेतला आणि पंधरा दिवसांत परत केला. "मान आधीपेक्षा जास्त दुखते," म्हणाले. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह. जवळचं वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात, त्यामुळे उंच स्क्रीन वाचायला ते हनुवटी वर करून बसायचे. असा चष्मा असेल तर स्क्रीन बरीच खाली हवी, किंवा फक्त संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा हवा. स्टँडचा दोष नव्हता. माझा होता, मी विचारलं नव्हतं.

अंतर साधारण हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. एवढ्या लांबून अक्षर बारीक दिसतं, मग अनुस्वार आहे की स्क्रीनवरचा धुळीचा कण, हे बघायला माझी मान बगळ्यासारखी पुढे जायची. सगळी उंची जुळवून पुन्हा मान पुढेच! मजकूर दीडशे टक्के मोठा केला तेव्हा हे थांबलं. याला काही खर्च नाही, स्टँड नसला तरी आजच करा.

प्रकारांबद्दल थोडक्यात. एकसंध धातूचा स्टँड डुगडुगत नाही, पण उंची बदलत नाही, तेव्हा माप जुळलं तरच घ्या. छत्रीच्या काड्यांसारखा मिटणारा हलका स्टँड फिरतीवर असणाऱ्यांसाठी ठीक, रोजच्या बैठकीला बहुधा बुटका पडतो. दोन सांध्यांचा, हवा तसा वर-खाली होणारा माझ्याकडे आहे. याची परीक्षा सोपी आहे: पूर्ण उंचीवर नेऊन लॅपटॉप ठेवा आणि त्याच टेबलावर शेजारी कीबोर्ड बडवा. ओळी थरथरत असतील तर सोडून द्या, संध्याकाळपर्यंत डोळे शिणतील. बूड जड आणि रुंद हवं. सांध्यांतले पेच काही महिन्यांनी सैल होतात, सोबत आलेली छोटी षटकोनी किल्ली फेकू नका. मी फेकली होती.

आता गारव्याचं. बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा ओढतात आणि बिजागरीपाशी किंवा बाजूने गरम हवा बाहेर टाकतात. तळाचे रबरी पाय फक्त काही मिलिमीटरचे. गादीवर किंवा उशीवर ठेवलात की ते रुततात आणि जाळीचं नाक दाबलं जातं. स्टँडवर खालून मोकळी हवा मिळते, तेव्हा फायदा होतो, हे खरं. पण तुमचा लॅपटॉप आधीपासून कडक टेबलावर असेल तर फरक थोडाच पडतो. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरसारख्या पंखाच नसलेल्या लॅपटॉपला तर ओढायची हवाच नाही.

"ॲल्युमिनियमचा स्टँड उष्णता शोषून घेतो" हे वाक्य मला अनेकांनी ऐकवलं आहे. ॲल्युमिनियम उष्णता लाकडापेक्षा कितीतरी भरभर वाहून नेतं, यात वाद नाही. पण लॅपटॉप टेकलेला असतो स्टँडवरच्या रबरी पट्ट्यांवर, आणि रबर उष्णता जाऊ देत नाही. धातूपेक्षा मधली मोकळी जागा बघा.

लॅपटॉपखाली ठेवायच्या पंखेवाल्या पाटांचंही (कूलिंग पॅडचंही) तेच. साध्या यूएसबी जोडणीतून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. त्यावर फिरणारे पंखे लॅपटॉपच्या जाळीच्या बरोबर खाली आले तर थोडं काम करतात, नाहीतर प्लास्टिकला वारा घालत बसतात. जड खेळ किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी हवं तर जाळी कुठे आहे ते बघून घ्यावा.

आणि नुसता ब्राउझर उघडला तरी पंखा घोंघावत असेल तर स्टँड शोधू नका, धूळ शोधा. माझा लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर उघडला, तेव्हा पंखा आणि पितळी रंगाच्या पातळ पात्यांच्या मध्ये जुन्या उशीतल्या कापसासारखा राखाडी थर निघाला. चिमट्याने सलग उचलला गेला, पट्टीसारखा. त्या दिवसापासून पंख्याचा आवाज मी विसरले. स्टँडने वर्षभरात हे केलं नव्हतं. चिप शंभर अंशांच्या आसपास गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, म्हणून पुष्कळांना लॅपटॉप म्हातारा झालाय असं वाटतं आणि तो फक्त गुदमरलेला असतो.

मागच्या महिन्यात ज्यांनी विचारलं त्यांना मी म्हटलं, आधी आठ दिवस पुस्तकांवर ठेवून बघा. दोन चळती करा, मध्ये जागा सोडा म्हणजे तळाची जाळी मोकळी राहील, आणि कीबोर्ड कुणाकडून तरी उसना आणा. परवा कॉलवर त्यांचा चेहरा कॅमेऱ्याच्या बरोबर समोर होता. विचारलं, "कुठला घेतलात शेवटी?" त्यांनी फोनवरून फोटो काढून पाठवला. एका चळतीत दोन जाड शब्दकोश, दुसरीत जुन्या डायऱ्या. "कीबोर्ड घेतला," म्हणाले. "बाकी हे बरं चाललंय. फक्त शब्द अडला की लॅपटॉप उचलावा लागतो."