धुतल्यावर जातं का?

काचेच्या ग्लासावर क्रीमनं नक्षी कशी उठवतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडं पाणी प्यायला की जो तो ग्लास उजेडात धरतो, त्यावरची वेलबुट्टी नखानं खरवडून बघतो आणि मग विचारतो, "धुतल्यावर जात न्हाई न्हवं हे?"

नाही जात. जायला तिथं काही लावलेलंच नाही. उलट काचेचाच अगदी पातळ थर गेलाय आणि ती खरबरीत झालेली जागा दुधी दिसते. बेळगावच्या खडे बाजारात भांडी घेतली की आपण नाव घालून घेतो ना, त्यातलाच प्रकार. तिथं मशीनची सुई टोचते, इथं क्रीम काचेला खातं.

या क्रीममध्ये फ्लोरिनचे क्षार असतात, बहुतेक वेळा अमोनियम बायफ्लोराइड. साध्या काचेत सत्तर टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, तिच्याशीच त्यांचं वैर. एरवी ॲसिड ठेवायचं तर काचेच्या बाटलीत. हे क्रीम मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीत येतं. १७७१ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञानं फ्लोरिनचं आम्ल (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) काचेच्या भांड्यात तयार केलं, तर त्यानं ते भांडंच कुरतडलं होतं.

नक्षी मी रेडियमवाल्याकडून स्टिकरात कापून घेते, म्हणजे नक्षीची जागा मोकळी राहते. दिवसभर नंबरप्लेटी करणारा माणूस, त्याला माझं काम म्हणजे गंमत. मराठी, कन्नड दोन्ही कापतो. ग्लास साबणानं धुऊन कोरडा करायचा, स्टिकर चिकटवून कडा नखानं दाबायच्या आणि क्रीम जाड थापायचं. पातळ लावलं तर ढगाळ डाग पडतात. पाच मिनिटं पुरे. तासभर ठेवलं म्हणून जास्त खोल जात नाही. उरलेलं क्रीम प्लॅस्टिकच्या चमच्यानं परत बाटलीत. मग भरपूर पाण्याखाली धुवायचं.

आणि इथंच सगळे घाबरतात. ओल्या ग्लासावर काहीच दिसत नाही! खरबरीत खळग्यांत पाणी भरलं की काच पुन्हा आरपार होते. पहिल्या वेळी मी तर रेडियमचे पैसे फुकट गेले म्हणून हळहळत बसले होते. ग्लास तसाच ठेवला, आणि काठाकडून एकेक पान पांढरं होत वर आलं. अजूनही तेवढ्यासाठी मी ग्लास पुसत नाही, आपोआप वाळू देते.

आधी लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर हात बसवा. ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचेवर नीट उठत नाही, प्लॅस्टिकवर तर नाहीच. नक्षी बाहेरच्या बाजूला, ओठ लागतात त्या काठापासून खाली. क्रीम पांढऱ्या चकचकीत सिंकमध्ये धुऊ नका, त्याचीही चकाकी जाते (आमच्या सिंककडं बघा). रबरी हातमोजे हवेतच, खिडकी उघडी आणि पोरं लांब. हातावर पडलं तर लगेच झोंबेलच असं नाही, दुखणं मागाहून सुरू होतं. फ्लोराइड कातडीतून आत उतरून कॅल्शियमला धरतं. तेव्हा खूप पाण्यानं धुवा आणि बाटली घेऊन डॉक्टर गाठा. थांबून बघू म्हणू नका.

एकदा चुकलं की चुकलं, ही त्यातली खरी गोम. शेजारच्या अक्का दर आषाढीला पंढरपूरला जातात. त्यांच्यासाठी एका ग्लासावर एका अंगाला मराठीत आणि दुसऱ्या अंगाला कन्नडमध्ये 'विठ्ठल' घालायचं ठरवलं. मराठी अक्षरं शिरोरेषेला धरून असतात, कापलेला भाग एकसंध निघतो. कन्नड 'ठ' म्हणजे गोल आणि त्याच्या पोटात टिंब. गोलाच्या आतली रेडियमची बारकी कडी कापलेल्या पट्टीबरोबर कधी उचलली गेली, मला कळलंच नाही. वाळल्यावर बघते तर टिंब गायब, त्याजागी भरीव पांढरा ठिपका. पुसणार कसा?

तसाच घेऊन गेले. अक्कांनी चष्मा लावला, दोन्ही बाजू फिरवून बघितल्या.

"इरली बिड," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, म्हणजे असू दे. "विठोबाला गंध लागलं."

आता पाहुणे आले की त्या हाच ग्लास पुढं करतात, आणि नखानं खरवडून बघायला लावतात.