अंतऱ्यात हरवणारा बेस : हाय-पास फिल्टरने अडवलेले तीन आठवडे

एका गाण्याचे मिक्सिंग करताना मला बेस गिटारला थोडी गुरगुर द्यायची होती. त्यासाठीची पद्धत सर्वपरिचित आहे : बेसचा ट्रॅक दुहेरी करायचा, मूळ ट्रॅक स्वच्छ ठेवायचा, प्रतीवर हाय-पास फिल्टर लावून तिचा खर्ज काढायचा आणि मग त्या प्रतीवर डिस्टॉर्शन चढवायचे. मी कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज गाळला जातो ती सीमा, १०० हर्ट्झवर ठेवला, त्याखाली दर सप्तकाला २४ डेसिबल असा उतार निवडला आणि तासाभरात हे काम संपवले. बाकीचे मिक्सही दोन दिवसांत झाले. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र एकाच अडचणीत गेले.

मुखडा भरदार वाजत होता. अंतरा आला की बेस पोकळ होत होता. मुखड्यात बेस ४९ हर्ट्झच्या जी स्वरावर होता आणि अंतऱ्यात तोच स्वर एक सप्तक वर, म्हणजे ९८ हर्ट्झवर जात होता. वादकाने वरचा स्वर हलक्या हाताने छेडला असावा असे वाटून मी तेवढ्या भागाची पातळी वाढवली. त्याने बोटांचा आवाज वाढला, बेस वाढला नाही. मग खोलीचा दोष असेल म्हणून हेडफोनवर ऐकले, तिथेही तेच. इक्वलायझरने १०० हर्ट्झपाशी उठाव दिला, तर किक ड्रमची जागा गढूळ झाली. शेवटी त्या फिल्टरचे प्लगइन (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बनवणाऱ्यांच्या मदत कक्षाला लिहिले आणि अकरा दिवस थांबले. बफर वाढवा आणि प्लगइन पुन्हा इन्स्टॉल करा, असे दोन ओळींचे उत्तर आले. मी दोन्ही केले, आणि अंतरा होता तसाच पोकळ राहिला. माझा प्रश्न कोणी नीट वाचलाच नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही.

उलगडा झाला तो एका रात्री चुकून प्रतीचा ट्रॅक बंद केला तेव्हा. गुरगुर गेली, पण बेस परत आला. दोन ट्रॅक मिळून एकापेक्षा कमी वाजत होते, याचा अर्थ ते एकमेकांना खोडत होते. फिल्टरच्या खिडकीतला आलेख मला फक्त पातळी दाखवत होता. फिल्टर ध्वनीची फेजही फिरवतो, म्हणजे लाटेचे चढ-उतार मागेपुढे सरकवतो, हे त्या सुबक रेषेत कुठेच दिसत नव्हते. नेहमीच्या बटरवर्थ फिल्टरमध्ये उताराच्या दर ६ डेसिबलमागे कटऑफपाशी ४५ अंश फेज फिरते. २४ डेसिबलचा उतार म्हणजे पूर्ण १८० अंश : लाट नेमकी उलटी. कटऑफपाशी प्रत ३ डेसिबलने खाली असते, म्हणजे मूळ लाट १ धरली तर प्रत सुमारे ०.७, ती उलटी होऊन मिसळल्यावर उरते ०.३. डिस्टॉर्शन बंद करून मी मोजले तेव्हा मूळ ट्रॅकपेक्षा जवळजवळ ११ डेसिबलची घट निघाली. अंतऱ्यातला जी याच खड्ड्यात बसला होता. मुखड्यातला ४९ हर्ट्झचा स्वर मात्र प्रतीतून जवळपास पूर्ण गाळला गेल्यामुळे त्याला विरोध करणारे काही उरतच नव्हते.

पहिला उपाय म्हणून मी प्रतीची पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे तिची अख्खी लाट उलटवली. खर्ज परतला, पण कटऑफच्या बऱ्याच वर प्रतीची फेज मुळाशी जुळलेली असते, त्यामुळे आता मधला भाग खोडला जाऊन आवाज किरटा झाला. नंतर फिल्टरचा लिनिअर-फेज, म्हणजे फेज न फिरवणारा पर्याय घेतला. फेज फिरली नाही, पण इतक्या खालच्या कटऑफला तो हजारो सॅम्पलचा विलंब आणतो, आणि तार छेडण्याच्या क्षणाआधीच एक पुसट घरघर ऐकू येऊ लागली. एरवी चालेलही, पण बेसच्या ठोक्यावर मला ती सहन झाली नाही.

खरा मार्ग लाउडस्पीकरच्या क्रॉसओव्हरमधून, म्हणजे खालचा आणि वरचा आवाज वेगळा करणाऱ्या फिल्टरांच्या जोडीतून सापडला. सिगफ्रिड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या रचनेत, जिला आज लिंकविट्झ-रायली म्हणतात, लो-पास (कटऑफच्या वरचा आवाज गाळणारा) आणि हाय-पास दोन्ही कटऑफपाशी ६ डेसिबल खाली असतात आणि एकाच फेजमध्ये राहतात, त्यामुळे त्यांची बेरीज सपाट येते. म्हणून मूळ ट्रॅकवर १०० हर्ट्झचा लो-पास आणि प्रतीवर १०० हर्ट्झचा हाय-पास, दोन्ही याच प्रकारचे, असे मी लावले. आपल्या प्लगइनमध्ये हे नाव नसेल, तर १२ डेसिबलचे, ०.७०७ क्यू (कटऑफपाशी फिल्टरचे वळण किती टोकदार ते ठरवणारा आकडा) असलेले दोन फिल्टर एकाच कटऑफवर एकापाठोपाठ लावावेत. तोच फिल्टर तयार होतो. मूळ ट्रॅकचा मधला भाग गमवायचा नसेल, तर प्रतीवर केवळ ६ डेसिबलचा उतार ठेवावा. त्यात फेज कधीच ९० अंशांपुढे जात नाही, म्हणून निदान खोडाखोड होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : डिस्टॉर्शन चालू ठेवून शोध घेऊ नये, कारण ते नवे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, निर्माण करून खड्डा कानापासून लपवते. दोन्ही ट्रॅकवर ३० ते ३०० हर्ट्झचा संथ साइन स्वीप (हळूहळू वर चढणारा एकच शुद्ध सूर) वाजवून एकत्र पातळी पाहिली असती, तर माझे तीन आठवडे पाच मिनिटांत आटोपले असते. तसेच, हाय-पास लावल्यावर मीटरचे शिखर कधीकधी वर जाते. आवाज काढूनही पातळी वाढलेली पाहून मी आधी घाबरले होते, पण तेही फेज फिरल्यामुळेच घडते. लाटेतले घटक नव्याने एकमेकांवर रचले जातात.

नव्या मांडणीत मी अंतरा चार वेळा सलग ऐकला. जी पूर्ण भरून आला होता आणि इक्वलायझरचा तो उठाव काढून टाकता आला. किकला जागा मिळाली, आणि त्याच रात्री मी मिक्स पाठवून दिले.