परदेशात लागलेली उन्हाळी

नाशिकच्या मुंबई नाक्यावरून मुंबईच्या विमानतळाकडे निघताना मी मुद्दाम पाणी प्यायले नव्हते. घाट उतरल्यावर बरे स्वच्छतागृह कुठे मिळेल या काळजीने तहान मारण्याची सवय आमच्या पिढीतल्या बायकांना एसटीच्या प्रवासाने लावली आहे, आणि युरोपला जातानाही ती सुटली नाही. विमानात शेजारचे दोघे झोपलेले होते म्हणून मी रात्रभर उठले नाही. पुढे बसमधल्या पुरुषमंडळींसमोर गाडी थांबवा म्हणायचा संकोच वाटला. चौथ्या दिवशी स्वित्झर्लंडमध्ये लघवीला प्रचंड जळजळ सुरू झाली. दर दहा मिनिटांनी कळ यायची आणि व्हायची ती थेंबभर. आजी याला उन्हाळी लागणे म्हणायची. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, एका बाजूने पाठ दुखू लागली आणि तिथल्या डॉक्टरांकडे जावे लागले. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता.

परत आल्यावर गंगापूर रोडवरच्या माझ्या डॉक्टरांकडे मी तिकडच्या स्वच्छतागृहांना दोष देऊ लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवले. सीटवर बसल्याने हा संसर्ग सहसा होत नाही. तो बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंमुळे होतो. पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो आणि बायकांचा जेमतेम ४, त्यामुळे जंतूंना मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. लघवीच्या धारेबरोबर ते वाहून जातात, मात्र लघवी तुंबवून ठेवली की त्यांना वाढायला सवड मिळते. किळस वाटते म्हणून सीटला न टेकता अधांतरी बसण्याची आपली पद्धतही चुकीचीच आहे, कारण त्या अवस्थेत ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही. सीट पुसून, हवा तर कागद अंथरून, निवांत टेकावे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्यामुळे हा त्रास वाढतो, हेही त्यांनीच सांगितले. माझ्या वयाच्या मैत्रिणींनी ते ऐकायला हवे.

युरोपात बहुतेक ठिकाणी पाण्याचा फवारा नसतो, नुसता कागद असतो. दुसऱ्या सहलीला मी अर्ध्या लिटरची रिकामी बाटली पर्समध्ये ठेवली आणि आत जाण्यापूर्वी बेसिनवर भरून घेऊ लागले. (भरलेली बाटली बहुतेक विमानतळांच्या तपासणीत अडवतात, रिकामी नेता येते.) धुताना आणि पुसताना हात पुढून मागे न्यायचा आणि जागा कोरडी करायची. सुगंधी साबणाची गरज नाही, त्याने उलट आग होते. अनेक ठिकाणी पैसे पडतात, म्हणून युरोची सुटी नाणी वेगळ्या बटव्यात ठेवावीत; पॅरिसच्या रस्त्यांवरची स्वयंचलित स्वच्छतागृहे मात्र विनामूल्य आहेत. युरोपीय संघाच्या नियमानुसार बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते, पण तेवढा वेळ कळ सोसू नये. सहलीच्या व्यवस्थापकाला स्पष्ट सांगावे.

लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे. जळजळ सुरू झाली तर नुसत्या धण्याच्या पाण्यावर दिवस काढू नयेत, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. ताप, थंडी, पाठदुखी किंवा लघवीत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, मग त्या दिवशीचे स्थलदर्शन बुडाले तरी चालेल.

पुढच्या महिन्यात माझी पंचवटीची वहिनी लेकीकडे लंडनला निघाली आहे. तिच्या पर्समध्ये मी ती बाटली ठेवली आहे आणि गाडीत बसण्यापूर्वी पेलाभर पाणी पिऊन, इगतपुरीला गाडी थांबवायला लावायचे तिच्याकडून कबूल करून घेतले आहे.